यादीत शांतता लिहायची राहिली

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला घरगुती स्टुडिओंवरचा लेख वाचला. संगणक, ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी), कंडेन्सर माइक (अगदी बारीक आवाज टिपणारा), हेडफोन आणि दोन मॉनिटर स्पीकर एवढं जमलं की संगीतकाराला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, असं त्यात म्हटलंय. सोबत किमतींची चौकट दिली आहे. किमती बरोबर आहेत. आमच्या घरची बिलं मीच भरली आहेत, म्हणून सांगू शकते. दहा-बारा हजारांत कामाचा इंटरफेस येतो, माइक त्याहून स्वस्तातही मिळतो. पण सगळ्यात महाग पडणारी वस्तू त्या चौकटीत दिसली नाही, ती म्हणजे शांतता. ती कुठल्या दुकानात मिळत नाही, ती घरातल्या माणसांना रोज तयार करावी लागते. त्याबद्दल चार गोष्टी लिहाव्यात असं वाटलं. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर खुशाल करा.

आमचे हे कीबोर्ड वाजवतात आणि गाण्यांचं संगीत संयोजन करतात. नागपुरात मानेवाडा रोडच्या बाजूला आमचं घर आहे, खालच्या मजल्यावर स्टुडिओ. पूर्वी ती सासूबाईंची खोली होती. मी शाळेत शिक्षिका होते, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलून ती खोली केली. बुकिंगची वही माझ्याकडे असते. त्यामुळे रागदारीतलं मला काही समजत नसलं तरी स्टुडिओतलं बरंच समजतं.

खोली दहा बाय बारा, वर दहा फुटांवर स्लॅब. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवा, काम होऊन जाईल, असं जो येई तो सांगायचा. ट्रेने खोलीतला घुमारा थोडा दबतो, रस्त्यावरचा आवाज मात्र काही अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फरक पडतो तो जेमतेम सहा डेसिबलचा. म्हणून आत जिप्सम बोर्डाची दुसरी भिंत उभी केली, मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरलं, दार भरीव लाकडाचं बसवलं आणि त्याच्या चारही कडांना रबराची पट्टी लावली. दाराचं वजन इतकं, की सुताराने बिजागऱ्या दोनदा बदलल्या. शिवाय लांबी, रुंदी, उंची यांतली दोन मापं सारखी असली की खोली एकाच सुराला दुप्पट ओरडते. आमची रुंदी दहा फूट आणि उंचीही दहा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून हिशेब केला की तो सूर ५६ हर्ट्झच्या आसपास येतो. ढोलकीची धूम किंवा बेस गिटारचा खालचा सूर तिथे पोचला की खोली नुसती गुरगुरते. ह्यांना वाटायचं गाण्यात बेस जास्त झाला, ते कमी करायचे आणि बाहेर गाडीत ऐकलं की गाणं पोकळ. त्यावर इलाज म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांत छतापर्यंत रॉकवूलचे जाड खांब उभे केले. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "माह्या खोलीत गाद्याच उभ्या करून ठेवल्या."

हा सगळा खर्च एकदाच झाला. पुढचा रोजचा आहे.

सकाळी नऊच्या आत माझ्या कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात. मिक्सर, वॉशिंग मशीन, बोअरची मोटर, सगळं दहाच्या आत. स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा लागला की घरात भांडं वाजत नाही, वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची ओढत नाही. दाराची बेल काढून टाकली आहे, येणारा फोन करतो. भाजीवाल्या दादांना सवय झाली आहे, आमच्या घरापुढे ते ओरडत नाहीत, फाटकाला हात लावून उभे राहतात. पाहुणे आले की पहिला अर्धा तास आम्ही कुजबुजत बोलतो. बाहेरगावच्या नणंदेला वाटतं घरात कोणी आजारी आहे.

नागपूरचा मे महिना आपल्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर गेला, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, की कूलरशिवाय माणूस जगत नाही. आणि कूलर म्हणजे पंख्याची घरघर, पंपाची गुणगुण, वाळ्याच्या ताटीवरून टपटपणारं पाणी. माइकला हॉलमधला कूलर दोन भिंतींपलीकडून ऐकू येतो. स्टुडिओत एसी आहे, पण टेक, म्हणजे मुद्रण, चालू असताना तोही बंद ठेवावा लागतो. हवाबंद खोली, आत चार माणसं आणि तापलेली यंत्रं. दोन टेक झाले की गायक बाहेर येऊन ओसरीवर बसतो आणि टॉवेल मागतो. त्या वेळी सासूबाई हॉलमध्ये ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेल्या असतात. "काऊन वं, आजबी कुलर बंदच का?" हा प्रश्न त्या मला विचारतात, मुलाला कधीच नाही. वय ऐंशीच्या पुढे आहे त्यांचं. लेखातल्या चौकटीत त्यांचा कूलर कुठल्या रकान्यात टाकायचा?

बायकांची भजनी मंडळं येतात तेव्हाचं माझं काम कुणी विचारलं तर मी अभिमानाने सांगते. कंडेन्सर माइकला बांगडीचा बारीक आवाजही सोडवत नाही. सोन्याच्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवता येतात. काचेच्या निघत नाहीत आणि काढायचं कुणाच्या मनातही नसतं. त्यासाठी मी जुन्या सुती ओढण्यांच्या पट्ट्या करून ठेवल्या आहेत. बांगड्या मनगटावरून वर कोपराकडे सारायच्या, घट्ट बसल्या की त्यावर पट्टी गुंडाळायची, टोकाला सेफ्टी पिन. सात-आठ जणी एकामागे एक हात पुढे करून उभ्या राहतात. कुणी म्हणते दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय, की सगळ्या हसत सुटतात आणि रेकॉर्डिंग दहा मिनिटं पुढे जातं. पट्टी बांधलेल्या हातांनी टाळ्या नीट वाजत नाहीत, म्हणून टाळ्या शेवटी वेगळ्या घ्याव्या लागतात.

लेखाचा सूर असा आहे की राहत्या खोलीत रेकॉर्डिंग ही आजच्या काळाची किमया आहे. पण १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला तेव्हा त्याने गायिका गौहर जानचं गाणं हॉटेलच्या खोलीतच मुद्रित केलं होतं. फरक एवढाच की तेव्हा माइक नव्हता. भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, जे जोरात गायलं तेवढंच तबकडीवर उमटायचं. त्या भोंग्याला आमचा कूलर ऐकूच आला नसता. यंत्रांचे कान जसजसे तिखट झाले तसतशी घरातल्यांची तोंडं बंद झाली, असा माझा हिशेब आहे.

मधल्या काळात शांतता सरकारने सांभाळली. ह्यांचे गुरुजी नागपूर आकाशवाणीवर साथीला असायचे. हे केंद्र १९४८चं. ऑडिशन व्हायची, ग्रेड मिळायची, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी जायचं, लाल दिवा लागला की वाजवायचं, विझला की बाहेर येऊन चहा प्यायचा आणि घरी. गुरुजींच्या बायकोला आयुष्यात कधी लाल दिव्यासाठी कुकर थांबवावा लागला नसेल. घरी आलेला माणूस घरचाच असे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. स्टुडिओ स्वतःचा झाल्याने आमच्या घरचं वेळापत्रक बदललं, ते मी निभावून नेते. पण ह्यांचं संगीतही बदललं आणि ते कुणी ठरवून बदललं नाही.

दिवसा बाहेरचा आवाज असतो. वरात, प्रचाराची रिक्षा, शेजारच्या प्लॉटवर टाइल कापायचं मशीन. बारीक आवाज कसाबसा अडतो, पण डीजेचा खालचा दणका भिंत भेदून येतो, त्याला रॉकवूलची फिकीर नसते. म्हणून हळू आवाजाचं काम रात्रीवर जातं. रात्री बाहेर शांत, पण मग आम्ही आवाज करायचा नाही, कारण शेजारी झोपलेले. बासरी चालते, सतार चालते, गुणगुणणं चालतं. ढोलकी चालत नाही. तबला, पखवाज, हलगी, ताशा यांचं तर नावच नको. दिवसा ढोलकी वाजवता येते, पण दिवसा माइक बाहेरची वरातही टिपतो. म्हणजे ढोलकीला वेळच उरला नाही.

मग काय झालं असेल ते सांगायला नको. कीबोर्डमध्ये ढोलकी आहे, कॉम्प्युटरमध्ये तर शेकड्यांनी आहे, वेगवेगळ्या लयीतले तयार तुकडे, ओळीने लावून द्यायचे. तिला माइक लागत नाही, शांतता लागत नाही, नाश्ता लागत नाही. सुरुवातीला ह्यांनी एखाद्या अडलेल्या गाण्यापुरती घेतली. नंतर भावही तसाच बोलला जाऊ लागला, "लाइव्ह वाजवणारे घेतले तर एवढे, नाही तर एवढे." गिऱ्हाईक दुसरा आकडा निवडतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे एक ढोलकीवाले दादा आहेत, नाव देत नाही. उन्हाळ्यात पुडी, म्हणजे ढोलकीचं कातडं, कोरडी पडून सूर चढला की ते ओल्या फडक्याने तिला समजूत घालायचे, पावसाळ्यात उतरला की बल्बच्या उबेला धरून बसायचे. गायक श्वासाला थांबला की त्यांचा हात किंचित थांबायचा आणि शेवटच्या कडव्याला लग्गी, म्हणजे ढोलकीची जलद लय, सुरू झाली की मी स्वयंपाकघरात असले तरी मला कळायचं, गाणं संपत आलं. हल्ली ते दिवाळीला भेटायला येतात. मागे मी विचारलं, दादा येत का नाही, तर म्हणाले, "वहिनी, मशीन वाजवते नं आता. आपला हात कोणाले पाह्यजे."

ह्यांना मी हे ऐकवलं. ते म्हणाले, खोलीच तशी आहे. मला ते उत्तर आवडलं नाही. पण ते खोटंही नाही.

दुसरा बदल लयीचा. कॉम्प्युटरवर काम करायचं तर कानात टिकटिक लागते, क्लिक म्हणतात तिला. त्या मापात गायलं की मागून हवं ते जोडता येतं, चुकलेली ओळ कापून बदलता येते. पण आमच्या विदर्भातलं भजन असं एका मापात चालत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन घ्या. ते धीम्याने सुरू होतं, तापत जातं, शेवटी खंजिरी आणि माणूस दोन्ही थरथरत असतात. त्या मंडळींच्या कानात टिकटिक घातली की बिचारे शाळेत कवायत केल्यासारखे गातात. एका म्हाताऱ्या बुवांनी हेडफोन काढून ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, ह्यातला हा टिकटिक करणारा पोरगा मला धावू देत नाही. त्यांचं रेकॉर्डिंग ह्यांनी मग क्लिक बंद करून एका दमात घेतलं. एक ओळ घसरली आहे त्यात, पण ते जेवढ्या वेळा ऐकावं तेवढं चांगलं वाटतं. बाकीच्या मंडळांची भजनं मात्र क्लिकवरच होतात, कारण नंतर दुरुस्ती सोपी पडते.

आणि दुरुस्ती ही आता गाण्यापेक्षा मोठी झाली आहे. भाड्याच्या स्टुडिओत चार तासांची शिफ्ट असायची. घड्याळ समोर असल्यामुळे गायक घरून पाठ करून यायचा, वादक आदल्या दिवशी बसून घ्यायचे. हे स्वतः त्या काळात रात्री जेवणानंतर तास-दोन तास हात बसवायचे. आता घड्याळ आमचंच, म्हणून कोणी पाठ करून येत नाही. एक ओळ पंचवीस-तीस वेळा गायली जाते. "भाऊ, कॉम्प्युटरमध्ये सूर लावून द्या न," हे जाताना ठरलेलं वाक्य. सूर लागतो, खरंच लागतो, प्रत्येक अक्षर उचलून जागेवर बसवता येतं. ते काम माणूस गेल्यावर, रात्री, हे एकटे करत बसतात. त्याचे वेगळे पैसे मागायची ह्यांना लाज वाटते. मला वाटत नाही, पण वही माझ्याकडे असली तरी बोलणी ह्यांच्याकडे आहेत. ह्यांचा स्वतःचा रियाज मात्र गेला. दिवसभर दुसऱ्याचे सूर सरळ केलेला माणूस रात्री पेटीला हात लावत नाही.

स्टुडिओ नव्हता तेव्हा दिवाळीनंतर हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांना साथ करायला जायचे. वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावं, रात्र रात्र चालणारी नाटकं, ह्यांच्याकडे ऑर्गन. होळीच्या सुमाराला परत यायचे तेव्हा घसा बसलेला, अंगाला धुराचा वास आणि सांगायला इतकं, की आठवडाभर पुरायचं. मुलगा लहान होता, बाबा कधी येणार म्हणून विचारायचा. स्टुडिओ झाला तेव्हा सगळ्यात आनंद त्यालाच झाला, बाबा आता घरीच. बाबा घरीच आहेत, आठ इंची दाराच्या आत. जेवायला बोलवायचं तर मी मोबाइलवर मिस कॉल देते. पूर्वी माणूस नसायचा तेव्हा नसायचा आणि असायचा तेव्हा असायचा.

कामाचे हंगाम ठरलेले आहेत. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, नाचाची गाणी कापून जोडून द्या, मध्ये देशभक्तीचं घाला, शेवटी जोरात संपवा. १४ एप्रिलच्या आधी आणि पुन्हा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी भीमगीतांची गर्दी. ही मंडळी तयारीने येतात, बँजो-ढोलकीचा आग्रह धरतात, त्या दिवसांत आमच्याकडे खरी वाद्यं वाजतात आणि मी शेजाऱ्यांना आधीच जाऊन सांगून येते. पावसाळा संपता संपता गणपती-देवीची गाणी. निवडणूक आली की प्रचारगीतं, सगळ्या पक्षांची, एकाच दिवशी, एकाच चालीवर सुद्धा. सकाळचे कार्यकर्ते दुपारच्यांना फाटकात भेटू नयेत एवढं मी बघते. पैसे त्यातूनच सुटतात. बाकी वर्षभर हौशी लोक, लग्नासाठी नवरीची एंट्री, कुणाच्या वडिलांची पंचाहत्तरी.

आमच्याकडे येणारी तरुण मुलं ए. आर. रहमानचं उदाहरण देतात. १९८९ साली चेन्नईत घराच्या आवारातच त्यांनी स्टुडिओ केला आणि १९९२ साली पहिला चित्रपट आला तो तिथूनच. खरं आहे. पण त्या वर्षांमध्ये त्यांनी जाहिरातींच्या जिंगल्सची भरपूर कामं केली, हेही खरं आहे. स्वतःच्या स्टुडिओचं पोट असतं, ते आधी भरावं लागतं. माझा मुलगा दुसरं उदाहरण सांगतो, अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं. भाड्याच्या स्टुडिओंची बिलं डोईजड झाली म्हणून त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा बांधायला घेतला. बांधकाम लांबत गेलं. ऑगस्ट १९७० अखेरीस उद्घाटन झालं आणि १८ सप्टेंबरला तो वारला. तो स्टुडिओ अजून चालतो, दुसरे लोक तिथे गातात. कर्ज काढून स्टुडिओ करणाऱ्या पोरांना मी हेही सांगते. त्यांना ते आवडत नाही. आपल्या लेखात ग्रॅमी मिळवणाऱ्या अमेरिकन गायिका बिली आयलिशच्या भावाची बेडरूम आली आहे. छान आहे, मुलगी गुणी आहे. त्या बेडरूमच्या बाहेर घरातले कसे चालत होते, हे कुणी लिहिलं तर मी आवडीने वाचीन.

एवढं सगळं बोलले तरी स्टुडिओ बंद करा, असं मी ह्यांना कधी म्हटलं नाही. त्याचं कारण सासूबाईच आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, त्यांच्या आईच्या, आजीच्या. भाड्याच्या स्टुडिओत त्यांना नेलं असतं तर चार तासांत त्यांनी चहा प्यायला असता आणि परत आल्या असत्या. इथे त्या एका दुपारी आपल्याच जुन्या खोलीत जाऊन बसल्या. ह्यांनी माइक लावला, तर ओवी येईना. हात हलल्याशिवाय येत नाही म्हणाल्या. मग जातं आणलं, खाली गोधडी घातली, जात्यात मूठभर दाण्यांची वैरण घातल्यावर त्यांनी खुंटा धरला आणि ओव्या सुरू झाल्या. मी खुंट्याला दुसरा हात द्यायला समोर बसले होते. जात्याची घरघर माइकमध्ये भरभरून येत होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ते मान हलवून म्हणाले, राहू दे. त्यांना वाटेल त्या दुपारी, वाटेल तेवढ्याच, असं करत बऱ्याच ओव्या झाल्या. त्याला गिऱ्हाईक नाही, विकायच्याही नाहीत. स्वतःची खोली नसती तर हे झालंच नसतं, एवढं श्रेय मी खोलीला देते.

गावोगावचे कवी आपली गाणी घेऊन येतात, त्यांच्यासाठी एक. २०१२ साली कॉपीराइट कायदा सुधारला, त्यानंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहजासहजी लिहून घेता येत नाही. पण आमच्याकडे येणारे पेन ड्राइव्ह घेऊन जातात आणि कागद कुणी करत नाही. मी वहीत गीतकाराचं आणि चाल लावणाऱ्याचं नाव लिहून दोघांच्या सह्या घेते. स्टुडिओ चालवणाऱ्या इतरांनीही घ्याव्यात. पैसे लागत नाहीत त्याला.

आता मागणं. पहिलं डीजेचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. आमच्या ह्यांच्याकडे मोजायचं यंत्र आहे, तो काटा लग्नसराईत कुठे जातो ते मी इथे लिहीत नाही, आपण कोणत्याही लॉनच्या मागच्या गल्लीत उभं राहून अंदाज घ्या. दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण नागपूरकर मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक काढतो आणि इडा-पिडा घेऊन जाय गे मारबत म्हणतो. यंदा त्यात एक बडग्या, म्हणजे निषेधाचा पुतळा, डीजेचा निघाला तर वर्गणी द्यायला मी तयार आहे. फक्त मिरवणुकीत त्याच्यापुढे डीजे लावू नका.

दुसरं मागणं जास्त महत्त्वाचं. ज्या वादकांकडे खोली नाही, त्यांनी ती बांधायला कर्ज काढावं, असं आपला लेख सुचवतो. मी म्हणते गावात एक खोली सगळ्यांची असावी. रेशीमबागेत महापालिकेचं सुरेश भट सभागृह आहे, सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतरावांनी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करून गाणं सांभाळलं, त्यांच्या गावात गाणाऱ्याला ताशी परवडेल अशा भाड्याने एक खोली मिळू नये का? मोठी नको. पंधरा बाय अठरा पुरे, तिन्ही मापं वेगवेगळी ठेवा. दुहेरी भिंत, भरीव दार, आवाज न करणारा एसी, चार चांगले माइक आणि ते लावता येणारा एक माणूस. वेळेची पाटी बाहेर लावा, शिफ्ट संपली की दिवे बंद करा. अशा खोलीत दिवसाढवळ्या ढोलकी वाजेल, ताशा वाजेल, आठ बायका टाळ्या वाजवतील. आमचं थोडं गिऱ्हाईक तिकडे जाईल, जाऊ दे. अवघड गाण्यांसाठी हेही तिथेच जातील आणि वेळ संपली की घरी येतील. नगरसेवकांना, सभागृह चालवणाऱ्यांना या पत्रातलं एवढं जरी पोचलं तरी माझं काम झालं. नकाशा हवा असेल तर आमच्याकडे आहे, सुताराचा नंबरही देईन.

आपली,
एक वाचक, मानेवाडा रोड, नागपूर

ता. क. : नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. भजनी मंडळातल्या बायका आपलं वर्तमानपत्र वाचतात आणि आमच्या ह्यांना सूर लावून देण्याचे पैसे मागायचे आहेत, ते अजून त्यांनाही सांगितलेलं नाही.